लांडग्याच्या नावाचा आजार

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत राहून गेलेला हा विषय. जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. ज्या मुलीबद्दल लिहिणार आहे तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "लिहा की मोठ्या आई, पण नाव घालू नका, आणि फोटो तर अजिबात नको." तर नाव नाही. ती माझ्या धाकट्या दिरांची सून. वैरागच्या पुढे एका खेड्यात राहते, घरची शेती आहे, सोयाबीन, तूर आणि खाण्यापुरती ज्वारी. एवढं पुरे. नातेवाईक मंडळींना कळेलच कोण ते. त्यांनी कृपया फोन करून तिला "आता कसं वाटतंय गं" असं रडवेल्या आवाजात विचारू नये. ती कंटाळली आहे त्याला :-)

मी डॉक्टर नाही. जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. औषधं, डोस यातलं मला विचारू नका. मला लिहायचंय ते ओळखण्याबद्दल. कारण हा आजार ओळखायला आमच्या घरात नऊ महिने लागले, आणि त्या नऊ महिन्यांत जे गेलं ते पुरतं परत आलेलं नाही.

आजाराचं नाव ल्यूपस. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस, डॉक्टर लोक एसएलई म्हणून मोकळे होतात. रोगजंतूंशी लढायला शरीराने जी फौज पदरी ठेवलेली असते ती आपल्याच किल्ल्यावर तोफा डागायला लागते, असा हा प्रकार. (इतिहासाच्या बाईंना हे चटकन समजलं, असली उदाहरणं आमच्याकडे ढिगाने.) आपल्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि रक्ताबरोबर सगळीकडे फिरतात. म्हणून हा आजार एका जागी बसत नाही. कातडी, सांधे, मूत्रपिंड, फुप्फुसावरचं आवरण, रक्तपेशी, मेंदू, कुठेही. लागण मात्र होत नाही, एका ताटात जेवा. दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका, आणि त्याही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. म्हणजे नेमकं ज्या वयात बाईच्या दुखण्याकडे बघायला घरात कुणाला सवड नसते, तिला स्वतःलाही नसते, तेच वय.

ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावरच्या खोल जखमा लांडग्याने लचका तोडल्यासारख्या दिसत, म्हणून युरोपात फार जुन्या काळी हे नाव पडलं. त्यातल्या बऱ्याच जखमा खरं तर कातडीच्या क्षयाच्या असत. हा आजार त्यातून वेगळा काढला गेला तो एकोणिसाव्या शतकात. व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ साली मांडलं की हे दुखणं कातडीपुरतं नाही, आतपर्यंत जातं. क्षय आणि ल्यूपस यांची ही जुनी गल्लत लक्षात ठेवा, पुढे आमच्या घरात ती पुन्हा झाली.

आमच्याकडे लांडगा पुस्तकातला नाही बरं का. बार्शीहून वैरागमार्गे सोलापूरला जाताना नान्नज लागतं, माळढोक अभयारण्याचं. माळढोक आता दिसणं मुश्कील, पण त्या माळावर लांडगे आहेत. मेंढपाळ सांगतात, लांडगा नजरेला पडतो तो शेवटी. आधी कुत्री एकाच बाजूला तोंड करून भुंकतात, मेंढरं एकमेकींना चिकटतात, सकाळी ओढ्याच्या चिखलात पाऊल दिसतं. नुसती कुत्री भुंकली म्हणून कुणी घोंगडी टाकून उठत नाही. दोन-तीन गोष्टी एका रात्रीत झाल्या की उठतो.

असो. आता आमच्या मुलीचं सांगते.

२०१७ च्या पावसाळ्यात तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. वय सव्वीस, मुलगा दीड वर्षाचा. भाकरीचं पीठ मळता येईना. दहा-अकरा वाजेपर्यंत हात आखडलेले, मग हळूहळू सैल. दोन्ही हातांची बोटं, दोन्ही मनगटं, नंतर गुडघे. गावातल्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून सांगितलं, इंजेक्शन दिलं. चार दिवस झकास. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. असं महिन्यातून दोनदा सुरू झालं. रक्तातली संधिवाताची तपासणी केली ती निगेटिव्ह आली, तेव्हा घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. काही नाही म्हणे, अशक्तपणा आहे.

मग केस गळायला लागले. बाळंतपणानंतर गळतातच, असं आमच्यातल्या चार बायकांनी सांगितलं. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी झाली, दिवसभर उन्हात, आणि त्यानंतर तिच्या दोन्ही गालांवर काळपट डाग उमटले. वांग आले म्हणून मेडिकलमधून मलम आणलं. तोंड आलं, ती उष्णता, सब्जा प्या, गुलकंद खा. जानेवारीत संध्याकाळचा ताप सुरू झाला, तो टायफॉइड झाला, सलाइन लागलं. फेब्रुवारीत खोल श्वास घेतला की डाव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखं दुखायला लागलं. एक्स-रेत फुप्फुसाच्या आवरणात थोडं पाणी दिसलं. वजन उतरलेलं, ताप येतोय, छातीत पाणी, मग क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या.

बघा, यातलं प्रत्येक उत्तर त्या त्या वेळी शहाणपणाचंच होतं. बाळंतपणानंतर केस गळतात. उन्हाने वांग येतात. आपल्या भागात छातीत पाणी झालेल्या तरुण बाईला क्षय असण्याची शक्यता खरोखरच जास्त. मी कुणाही डॉक्टरला दोष द्यायला बसलेली नाही. पण सहा दुखणी, सहा उत्तरं, पाच ठिकाणच्या चिठ्ठ्या, आणि त्या चिठ्ठ्यांनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलेलं नाही. कुठली फ्रिजवर, कुठली देवघराच्या खणात.

गाडी अडली ती जोडव्यांपाशी. २०१८ चा पाडवा, १८ मार्च. मी दोन दिवस गावी गेले होते. सकाळी गुढी उभारायची गडबड, आणि माझी जाऊ सुनेच्या पायांकडे बघत उभी. जोडवी बोटांत रुतली होती. बाजूचं मांस वर आलेलं. साबण लावून निघेनात. सणाच्या दिवशी सवाष्णीच्या पायातली जोडवी काढायची का, यावर आजेसासूबाईंचं वेगळं मत. जाऊ एक शब्द न बोलता पक्कड घेऊन आली आणि जोडवी कापली. मग मला बाजूला नेऊन म्हणाली, "वहिनी, हिचे डोळे पण सकाळी सुजतात. आणि लघवीला फेस येतो, ती म्हणत होती. साबणासारखा. जात नाही लवकर."

दुपारी पुरणपोळी झाल्यावर आम्ही दोघींनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या. मी एका फुलस्केपवर रकाने आखले, शाळेत निकालपत्रक करायचे तसे. महिना, तक्रार, कुणी काय सांगितलं, कोणतं औषध, फरक किती दिवस. नऊ महिने एका पानावर बसले. वाचून मला आजाराचं नाव काही सुचलं नाही, सुचणार कुठून. पण एवढं दिसलं की एका सव्वीस वर्षांच्या पोरीला नऊ महिन्यांत सहा वेगवेगळे आजार होत नसतात.

सोलापूरला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग टॉर्च घेऊन हिच्या तोंडात वर, टाळूला पाहिलं. तिथे फोड होते. "दुखतात?" "नाही." तिला तर ते आहेत हेही माहीत नव्हतं. मग हाताला धरून खिडकीपाशी उजेडात नेलं आणि गाल निरखले, बोट फिरवून पाहिलं. लघवी तिथेच तपासली, पट्टी बुडवली तर पिवळा चौकोन बघता बघता हिरवा झाला. प्रथिनं जात होती. रक्तदाब वाढलेला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला एएनए करून हवंय. आणि तुम्ही पुण्याला जायची तयारी ठेवा."

हे जे गालावर बोट फिरवणं, त्याबद्दल थोडं. ल्यूपसचं सगळ्यात प्रसिद्ध लक्षण म्हणजे चेहऱ्यावरचं फुलपाखरू. दोन्ही गाल म्हणजे पंख आणि नाक म्हणजे मधलं अंग. पुस्तकं आणि इंटरनेट उघडा, लालबुंद फुलपाखरू दिसेल, पण ते असतं गोऱ्या गालावर. आपल्या सावळ्या पोरींच्या चेहऱ्यावर लाल शोधत बसलं तर जन्मात सापडायचं नाही. आमच्या मुलीचे डाग काळपट-जांभळट होते, जुन्या डागासारखे, आणि म्हणूनच ते वांगांत जमा झाले. फरक काय? मला समजावून सांगितलं ते असं. वांग सपाट असतात, हाताला लागत नाहीत, वर्षानुवर्षं तसेच राहतात. हे डाग हाताला किंचित जाड लागू शकतात, वर बारीक कोंडा धरतो, ऊन लागल्यावर एक-दोन दिवसांत भडकतात, चुरचुरतात. आणि एक खूण फार उपयोगाची, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी उतरते ती घडी बहुतेक वेळा कोरी राहते. दोन्हीकडे डाग आणि मध्ये घडीची स्वच्छ रेघ. मात्र फुलपाखरू नाही म्हणून ल्यूपस नाही असं समजू नका, कित्येकींना ते कधीच उमटत नाही.

सांध्यांचं दुखणं बहुतेकींना असतं. सकाळचा आखडलेपणा, दोन्ही बाजूंना सारखा. तोंडातले फोड टाळूला आणि न दुखणारे, म्हणून कुणी वर बघत नाही. केस नुसते गळत नाहीत, कपाळाच्या कडेचे तुटून आखूड, राठ होतात. थंड पाण्यात हात घातला की काहींची बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल. (थंडीत पहाटे धुणं धुणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल "असं होतंयच की".) थकवा, त्याला तर वजनकाटा नाही. आमची मुलगी म्हणायची, "मोठ्या आई, झोपून उठले तरी शेतातून आल्यासारखं वाटतं." काहींना पुन्हा पुन्हा गर्भपात होतो किंवा कोवळ्या वयात पायाच्या शिरेत गुठळी होते, तिथेही हे तपासायला हवं. आणि काही थोड्या जणींत आजार मेंदूपर्यंत जातो. अचानक फिट येते, बाई भलतंच बडबडते, घरच्यांना ओळखत नाही. हे लक्षण आपल्याकडे डॉक्टरच्या आधी देवऋष्याकडे जातं. लिंबू उतरवून होतं, अंगारा लावून होतो आणि मधले आठवडे निघून जातात. याचा मला राग येतो, लपवत नाही.

पण सगळ्यात गुपचूप चालतं ते मूत्रपिंडाचं काम. दुखत काही नाही. पायाला, डोळ्यांखाली सूज, फेसाळ लघवी, चढलेला रक्तदाब, बस. आणि कधी कधी तेवढंही नाही, नुसत्या तपासणीतच कळतं. सगळ्या तपासण्यांत स्वस्त तपासणी म्हणजे लघवीची. आमच्या मुलीची नऊ महिन्यांत रक्ताची किती तरी वेळा झाली. लघवीची एकदाही नाही.

पुण्याला जायला आम्ही पहाटे बार्शीहून निघून कुर्डुवाडीला हुतात्मा एक्सप्रेस धरायचो. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसायचं, त्यात रोहित पक्षी. ती खिडकीशी बसून बघायची. या भिगवणचा आणि आपल्या विषयाचा संबंध आहे, तो मला नंतर कळला. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी याच गावात घरोघर जाऊन कुणाचं काय दुखतं याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमातलं ते काम, चार हजारांवर प्रौढ माणसं विचारली. शंभरात अठराच्या आसपास लोकांचं सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखत होतं. खरा आमवात मात्र जेमतेम अर्धा टक्का. आता ल्यूपसचा आकडा बघा. दिल्लीच्या भागात झालेल्या एका पाहणीत (१९९३) लाखात सुमारे तीन! म्हणजे खेड्यातल्या डॉक्टरपुढे अंग दुखतंय म्हणून येणाऱ्यांची रांग लागलेली, आणि त्यात ल्यूपसची बाई वर्षानुवर्षांत एखादी. त्याच्या डोक्यात ते नाव येणार कसं? आपला बार्शी तालुका २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या आसपास होता. त्या हिशोबाने तालुक्यात दहा-बारा जणी. मला स्वतःला वाटतं जास्त असतील, कारण ज्या सापडल्याच नाहीत त्या मोजणार कोण.

म्हणून कुणी सांधे दुखले की लगेच घाबरू नये, हेही सांगते. एएनए ही तपासणी ल्यूपसच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत पॉझिटिव्ह येते, पण कितीतरी धडधाकट माणसांतही येते. नुसत्या त्या कागदावरून काही ठरत नाही. तज्ज्ञ लोक लक्षणांना गुण देतात, २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत दहा गुण झाले की ल्यूपस धरतात, आणि एएनए हा तिथे फक्त प्रवेशाचा दाखला. मला ही पद्धत ऐकून बरं वाटलं. एका प्रश्नावर कुणाला पास-नापास करू नये.

मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला. सूज बरीच होती, काही भाग कायमचा निकामी झालेला होता. क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या, स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात आणि मायकोफेनोलेट नावाची गोळी सुरू झाली. चेहरा चंद्रासारखा गोल झाला. गावात बायका म्हणायला लागल्या, "तब्येत सुधारली हो सूनबाईंची!" ती घरी येऊन आरशात बघून रडायची.

तेव्हाच घरात ते नेहमीचं सुरू झालं. स्टेरॉइड वाईट, साइड इफेक्ट होतात, अमुक गावी एक जण पुड्या देतात त्या घ्या, ह्या बंद करा. मी माहेरच्या-सासरच्या दोघांनाही बसवून एकच सांगितलं. स्टेरॉइडचे दुष्परिणाम आहेत, डॉक्टर तेच कमी करत आणतायत, पण आपल्या मनाने एकदम बंद केलं तर ते जिवावर बेततं. शरीर आपलं आपण ते द्रव्य बनवायचं विसरलेलं असतं. आणि गंमत (गंमत कसली) अशी की काही पुड्यांत स्टेरॉइडच असतं, म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो. तेच त्या महिन्यातून दोनदा घेतलेल्या इंजेक्शनांचं. दुखणं झाकलं जातं, आजार आत चालू.

ल्यूपसची जी मुख्य, जन्मभराची गोळी आहे ती मलेरियाची जुनी गोळी, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. डोळ्यांची नियमित तपासणी करायची आणि घेत राहायचं. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला आणि या गोळीचं नाव एका रात्रीत सगळ्या देशाला पाठ झालं. तिने करोना टळतो म्हणून सरकारी सल्ला निघाला, निर्यात थांबली, आणि ज्यांना त्या गोळीची गरज नव्हती त्यांच्या कपाटात ती जाऊन बसली. आमच्या पुतण्याने बार्शीतली दुकानं पालथी घातली, एक पाकीट मिळालं. पोलिसांना चिठ्ठी दाखवत कुर्डुवाडीपर्यंत गेला, तिथे दोन मिळाली. करोनावर तिचा उपयोग नाही हे पुढे मोठ्या अभ्यासांत दिसलं. आमच्या मुलीला मात्र ती चुकली असती तर काय, या विचाराने तेव्हा माझीच झोप उडाली होती.

आता बार्शीबद्दल थोडं अभिमानाने. लक्षणं सांगून काय होतं, बायका ऐकतात थोड्याच, असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच गावाचं उदाहरण देते. आपल्याकडच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या साथीने. खेड्यातली अशी ही देशातली पहिली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यातली तीनशेवर गावं. नोंदणीची माणसं गावोगाव फिरायची ती नुसती नावं टिपायला नव्हे, बायकांना सांगायची की पाळीशिवाय अंगावर जातं, संबंधानंतर रक्त दिसतं, तर लपवू नका, या. काही वर्षांत दिसून आलं की गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर यायला लागल्या. १९९५ साली ते परदेशातल्या शास्त्रीय मासिकात छापून आलं. यंत्र नवं आलं नव्हतं, तपासणी नवी नव्हती. ओट्यावर बसून कुणीतरी लाज सोडून बोललं होतं आणि कुणीतरी ऐकलं होतं. त्याच रुग्णालयाने पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांची मोठी चाचणी केली, २००९ मध्ये त्याची जगभर चर्चा झाली. ल्यूपस कर्करोगाइतका सरसकट सापडणारा नाही, त्याच्यासाठी कुणी जीप घेऊन गावोगाव फिरणार नाही हे मला कळतं. पण ओटे आहेतच की. हळदीकुंकू आहे, बचत गटाची बैठक आहे, आशाताई आहेत.

लग्नाबद्दल लिहू की नको असं झालं होतं. लिहिते. तिची धाकटी बहीण लग्नाची होती. एका स्थळाकडून निरोप आला, "मोठीला ते रक्तातलं काहीतरी आहे म्हणे." घरात ठरत होतं की पुढच्या स्थळाला काही सांगायचंच नाही. ल्यूपस घराण्यात चालत येतो का? कल थोडासा येतो, पण रुग्णांच्या बहुसंख्य बहिणींना तो कधीच होत नाही. धाकटीनेच स्पष्ट सांगून टाकलं आणि तिसऱ्या ठिकाणी जमलंही. लपवून लग्न झालेल्या मुलींचं काय होतं ते मी शाळेत असताना पाहिलंय, गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायच्या आणि कुणी बघितल्या की बंद करायच्या.

आणि मूल? आमच्या मुलीला दुसरं हवं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजार निदान सहा महिने शांत असला पाहिजे, आणि मायकोफेनोलेट पोटातल्या बाळाला घातक, ती बरीच आधी बदलायची. मलेरियाची गोळी मात्र थांबवायची नाही. सगळं ठरवून केलं, २०२२ मध्ये मुलगी झाली. दांडगी आहे.

तिची मूत्रपिंडं पूर्वीसारखी नाहीत. मीठ कमी, दर तीन महिन्यांनी लघवी-रक्त, उन्हात जायचं तर पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला स्कार्फ आणि तोंडाला मलम. काढणीला ती आता जात नाही, गोठ्याचं आणि हिशोबाचं बघते. जोडवी घालते, पण खेचून सैल करता येणारी. सूज आली की पहिल्यांदा तिथेच कळते, म्हणते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. शेजारच्या वस्तीवरची अकरावीतली मुलगी, तीन महिने बोटं दुखतायत, दोनदा ताप येऊन गेला, आई म्हणते अभ्यास नको म्हणून नाटकं. हिने तिला पाणी प्यायच्या निमित्ताने घरात बोलावलं आणि मोबाइलच्या उजेडात टाळू पाहिला. मग तिच्या आईला आपली स्वतःची फाईल दाखवली, नऊ महिन्यांच्या त्या फुलस्केपसकट. लघवीची तपासणी वैरागलाच झाली, ती स्वच्छ आहे. एएनएचा रिपोर्ट अजून यायचा आहे.